लिंक खुली, तळं बंद

दोस्तांनो, शिक्षणाच्या बाजारात सध्या एक नवी बुवाबाजी चाललीय. वर्गात ऑनलाइन साधनं आणा, सगळ्यांना एकाच पाटीवर एकदम लिहू द्या, की मागच्या बाकावरचं मुकं पोर आपोआप बोलायला लागेल, असं कार्यशाळा घेणारे सांगत फिरतात. गूगल डॉक्स म्हणा, पॅडलेट म्हणा, मेंटीमीटर म्हणा, मंत्र तोच. पण ते पोर मुकं का, हे एकही माईचा लाल विचारत नाही. ते मुकं जन्मलेलं नाही. त्याला मुकं केलंय.

फळा काय चीज आहे हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तेव्हा सवर्ण पोरं धावत सुटली. फळ्यामागं त्यांचे जेवणाचे डबे होते. ते बाटतील म्हणून आधी डबे हलले, मग भीमराव फळ्यापाशी पोचला. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. आज फळ्यामागं डबे नसतात. पण विटाळ गेला म्हणता? ऑनलाइन वर्गात बघा. प्रत्येक चौकोनाखाली नाव, नावापुढं आडनाव. आपल्या देशात आडनाव म्हणजे गळ्यात लटकवलेला जातीचा दाखला. पोर ‘पानी’ बोललं की चार चौकोन गालात हसतात. तेच लिहिलं की शब्दाखाली लाल रेघ उमटते. म्हणजे आपल्या वस्तीची भाषा मशिनीलाही चुकीची!

आणि हे फक्त पोरांपुरतं आहे असं समजू नका. एप्रिल २०२१ मध्ये आयआयटी खरगपूरच्या ऑनलाइन तयारी वर्गाची चित्रफीत देशानं पाहिली. तो वर्ग अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांचा. शिकवणारी बाई त्यांना आईबापावरून शिव्या देत होती, आणि जायचं तिथं जाऊन तक्रार करा म्हणून वर धमकावत होती. साधन अद्ययावत, तोंड मनूचं.

मग हे सगळं फेकून द्यायचं? नाही गड्यांनो. हत्यार दुश्मनाच्या कारखान्यात बनलं म्हणून हातात घ्यायचं नाही, असा सोवळेपणा आपल्याला परवडत नाही. ह्या पाटीत दम आहे. १९७० च्या दशकात मेरी बड रो ह्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गावर्गांतून मोजून दाखवलं की मास्तर प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात. एका सेकंदात बोलणार कोण? ज्याच्या घरात तीन पिढ्या पुस्तकाचीच भाषा नांदतेय तो. आपलं पोर अजून मनात वाक्य जुळवत असतं, तोवर पहिल्या बाकावरचा हात वर गेलेला असतो. सामाईक पाटीवर साठ जण एकाच वेळी लिहितात. हात वर करायला नको, उच्चाराचं हसू नको. आणि खात्यात न शिरता लिहायची मुभा दिली, तर आडनावही दिसत नाही.

पण मुभा मिळणं म्हणजे पाणी मिळणं नव्हे, हे महाडनं आपल्याला शिकवलंय. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं. ओंजळ भरली कधी? २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब स्वतः काठावर उतरले तेव्हा! तीन वर्षं तळं खुलं होतं आणि आपण तहानलेले होतो. आजची लिंक ही तशीच कागदावर खुली आहे. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत देशातल्या शंभर घरांपैकी अकरासुद्धा घरांत कॉम्प्युटर नव्हता. इंटरनेट होतं सुमारे चोवीस घरांत. त्यानंतर मोबाइल वाढले, कबूल. पण घरात मोबाइल एक आणि शिकणारी पोरं तीन, त्यातही तो बापाबरोबर सकाळीच कामावर जाणार, तर लिंक काय चाटायचीय? एकाच्या मांडीवर लॅपटॉप, दुसऱ्याच्या हातात फुटक्या काचेचा फोन, आणि पाटी म्हणे सामाईक!

म्हणून आपली मागणी नीट समजून घ्या. चर्चा असेल तिथं नाव नको. काम असेल तिथं नाव हवंच.

चर्चेत नाव नको, कारण आडनाव वाचून मत तोलायची ह्या वर्गाला सवय आहे. बिननावाच्या पाटीवर कुणी हरामखोर ‘कोटेवाले’ लिहून जाईल, हा धोका खरा आहे. त्यावर तोड आहे. आधी तपासल्याशिवाय मजकूर झळकणार नाही, अशी सोय पॅडलेटसारख्या पाटीवर असते. ती चालू करा. आणि तपासणारा एकटा मास्तर नको. पाळीपाळीनं विद्यार्थी बसवा, त्यात आपलं पोर असलंच पाहिजे.

गटानं करायच्या प्रकल्पात मात्र नाव हवं. तिथं जुना गावगाडा चालतो. राबायचं महारानं आणि दप्तरात लिहायचं कुलकर्ण्यानं. आपली पोरं रात्रभर माहिती गोळा करतात, आणि सकाळी इंग्रजी फाडणारा सादर करून मार्क घेऊन जातो. गूगल डॉक्सात बदलांचा इतिहास राहतो. कुठल्या खात्यावरून, किती वाजता, कुठली ओळ लिहिली, सगळं. हे दप्तर कुलकर्ण्याच्या घरचं नाही. मार्क देण्याआधी मास्तरनं ते उघडलंच पाहिजे. मात्र ज्यानं दुसऱ्याच्या फोनवरून लिहिलं, वहीवर लिहून दिलं, वस्तीत हिंडून माणसं गाठली, त्याचं काम ह्या इतिहासात उमटत नाही. ते गटानं वेगळं नोंदवावं.

आणि ज्या कॉलेजला ऑनलाइन काम द्यायचंय, त्यानं आधी वर्गातच प्रत्येकाच्या हातात यंत्र द्यावं. ते होत नसेल तर कागदाच्या चिठ्ठ्या फिरवाव्या. बिननावाच्या साठ चिठ्ठ्यासुद्धा मुक्याला वाचा देतात, त्याला कंपनीचं सॉफ्टवेअर लागत नाही.

तेव्हा पोरांनो, पुढच्या वेळी मास्तर म्हणाला, ‘लिंक टाकलीय, सगळे लिहा’, तर गप्प बसू नका. विचारा, यंत्र कुणाकडं आहे? नाव दिसणार की नाही? तपासणार कोण? मार्क देताना इतिहास उघडणार का? एकट्यानं विचारलं तर दडपतील. दहा जणांनी मिळून लेखी विचारा, आणि उत्तरही लेखी मागा. ‘संघटित व्हा’ हे वर्गाच्या दाराबाहेर ठेवायचं वाक्य नाही.

जय भीम!