कपाटाचे कुलूप आणि संगणकातली यादी

‘शाळेत संगणक आला, घरोघरी मोबाईल आला, आता ग्रंथालय कशाला हवे?’ असे विचारणारे पालक हल्ली आम्हाला भेटतात. आपल्याच समाजातले, शिकलेले, नोकरीतले पालक. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतील ग्रंथपाल ताईंनी काय काय करून पाहिले ते सांगितलेले बरे. शाळेचे आणि ताईंचे नाव येथे देत नाही. नाव छापून आले की कौतुक राहते बाजूला आणि खुलासे देत बसावे लागते, हे नोकरदार वाचकांना सांगायला नको.

ताई अर्धवेळ आहेत. लहान शाळेला पूर्णवेळ ग्रंथपालाचे पद मिळत नाही, हे आपल्या राज्यातले जुने दुखणे आहे. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा. काम किती, ते वाचकांनीच समजून घ्यावे. त्यांच्या ग्रंथालयात लोखंडी कपाटे चार, आणि त्यांतली तीन बारमाही कुलपात. पुस्तके आहेत, दाखल नोंदवहीत त्यांची नोंद आहे, दरवर्षी पडताळणीही होते. मुलांच्या हाती मात्र एकाच कपाटातली पुस्तके पडतात.

असे का? उत्तर साधे आहे. पुस्तक हरवले तर किंमत कोणी भरायची? ग्रंथपालाने! अर्ध्या पगारातून किंमत कापली जाणार असेल तर कुलूप लागणारच. आम्ही ताईंना दोष देत नाही. आम्ही स्वतः कारकून आहोत. ज्याच्या नावावर जडवस्तू, त्याच्या मानेवर सुरी, हे आम्ही रोज पाहतो.

पण याबाबत नियम काय सांगतो ते फार थोड्यांना ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधील नियम २१५ पाहावा. वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा वाचनासाठी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे हे त्यात वाजवी मानले आहे. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांहून अधिक किमतीचा किंवा दुर्मिळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी होते. हा नियम केंद्राच्या कार्यालयांचा आहे, अनुदानित शाळेला तो आपोआप लागू होत नाही. तरी शाळेच्या व्यवस्थापनाने त्याच धर्तीवर ठराव करायला कोणाची आडकाठी आहे? ताईंनी मुख्याध्यापकांपुढे हा नियम ठेवला. सर म्हणाले, “हजार पुस्तके दिली-घेतली याचा पुरावा काय?” प्रश्न रास्त होता. संगणकाची गोष्ट सुरू झाली ती या पुराव्यापासून.

ताईंनी प्रथम ‘कोहा’ नावाची प्रणाली पाहिली. न्यूझीलंडमधील एका ग्रामीण भागाच्या ग्रंथालय संस्थेसाठी १९९९ मध्ये ती तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. नावाप्रमाणे ती आजही फुकट आहे. केंद्राच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ही आहे. दोन्ही चांगल्या, पण त्यांना नीट चालणारा संगणक हवा, सांभाळणारा माणूस हवा, लाईन हवी. शाळेतल्या संगणकाची अवस्था सांगत नाही. शेवटी ताईंनी साधी एक्सेलची तक्ता-वही उघडली. दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, कपाट एवढे रकाने केले. आमच्या मते हेच शहाणपणाचे झाले. कीर्द नीट लिहिता आली तर खतावणी पुढे करता येते. कीर्दच नसेल तर मोठ्या प्रणालीचा उपयोग काय?

पहिलाच घोळ अक्षरांचा झाला. कोणीतरी पूर्वी काही शे पुस्तकांची यादी संगणकावर टाइप करून ठेवली होती. ती उघडली तर सगळी गिचमीड! कारण ती श्रीलिपीत होती. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव या जुन्या अक्षरसंचांत मराठी दिसते, पण तो अक्षरसंच नसलेल्या संगणकाला ती कळत नाही. आता युनिकोडवाचून गत्यंतर नाही. ज्यांच्या कचेरीत, मंडळात अशा जुन्या याद्या पडून असतील त्यांनी त्या वेळीच बदलून घ्याव्यात. बदलून देणारी साधने फुकट मिळतात, पण जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीच लागतात.

दुसरा अनुभव आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. मोबाईलने पुस्तकावरच्या रेघा टिपल्या की नाव, लेखक, प्रकाशक आपोआप येते, असे ताईंना कोणी सांगितले होते. रेघांखालचा तो आयएसबीएन क्रमांक २००७ पासून तेरा आकडी झाला आहे. ताईंनी करून पाहिले. इंग्रजी पुस्तके पटापट आली. मोठ्या मराठी प्रकाशकांची काही आली. आणि दीक्षाभूमीच्या दुकानांवरून, चौदा एप्रिलच्या स्टॉलवरून शाळेला भेट मिळालेल्या पुस्तिका? एकही नाही. त्यांच्यावर रेघाच नाहीत तर मोबाईल वाचणार काय! जुनी आत्मकथने, शाहिरांची पदे, गावोगावच्या छोट्या प्रकाशकांनी पदरमोड करून छापलेली चरित्रे, हे सगळे त्या यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही.

ताईंनी ही पुस्तके एकेक करून हाताने टाइप केली. तसे केले नसते तर संगणकाच्या यादीतून तीच नेमकी गळाली असती, आणि पुढची ग्रंथपाल म्हणाली असती, शाळेत ही पुस्तके नाहीतच. आपल्या प्रकाशकांना यानिमित्त एक सांगावेसे वाटते. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. अर्ज करावा, क्रमांक घ्यावा, मगच छापावे.

टाइप करतानाही डोळ्यांत तेल घालावे लागते. एका पुस्तकावर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, दुसऱ्यावर ‘डॉ. भीमराव रामजी आंबेडकर’, तिसऱ्यावर ‘बी. आर. आंबेडकर’. माणसाला हे एकच, संगणकाला तीन लेखक. अण्णाभाऊ कोठे जोडून, कोठे तोडून. मुलगी एका नावाने शोधते आणि बाकीची पुस्तके समोरच्या कपाटात असून सापडत नाहीत. ताईंनी प्रत्येक लेखकाचे एकच नाव ठरवून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. मोठी ग्रंथालयेही हेच करतात, फक्त त्याला भारदस्त नाव देतात.

मग देवघेवीची यादी आली. मुलांची नावे शाळेच्या सरकारी माहितीतून उचलली, तर सोबत जातीचा आणि प्रवर्गाचा रकाना आला. शिष्यवृत्तीला तो लागतो, ते आम्ही जाणतो. असे कितीतरी अर्ज आमच्या टेबलावरून गेले आहेत. पण पुस्तक घेताना पडद्यावर मुलाच्या नावाशेजारी त्याची जात कशाला? मागे रांगेत उभी असलेली पोरे ती वाचणार. ताईंनी रकाना काढून टाकला. कचेरीतले एक गृहस्थ म्हणाले, “राहू द्या मॅडम, अहवालाला लागेल.” आमच्या एका कार्यकर्त्या मित्राचे म्हणणेही वेगळे पडले. रकाना ठेवला तर आपल्या मुलांना पुस्तके मिळतात की नाही ते आकड्यांत दाखवता येईल, असे ते म्हणतात. मुद्दा खोटा नाही. पण त्यासाठी वर्षाकाठी एकदा बंद खोलीत हिशेब मांडता येतो. रोज दुपारी पोरापोरीच्या नावापुढे तो झळकण्याची गरज नाही. ताईंनी केले तेच योग्य, असे आमचे मत आहे.

यादी दोन-तीन महिने चालल्यावर ताईंना दिसले की बाहेरगावाहून एसटीने येणाऱ्या मुलींच्या नावापुढे पुस्तकच नाही. वाचनाची आवड नसेल, असा सर्वांचा समज होता. एकीला विचारले तर ती म्हणाली, “बाई, पुस्तक मले बी पाहिजे, पण तुम्ही शाळा सुटल्यावर देता अन् तवा आमची गाडी निंगून जाते.” देवघेव मधल्या सुट्टीत आणली. एवढ्यासाठी संगणक हवा होता का? वही चाळूनही कळले असते. पण चाळतो कोण?

मोबाईलची साधनेही ताईंनी वापरली. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आज सगळे वीस खंड संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ मध्ये सुरू झाले, तेथे मराठी गोष्टी आहेत आणि त्या छापून घ्यायलाही मुभा आहे. वसंत मून यांनी संपादन आरंभलेल्या बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा पहिला खंड १४ एप्रिल १९७९ ला महाराष्ट्र शासनाने काढला. आता ते खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. ताईंनी यवतमाळला येऊन काही खंड पेन ड्राईव्हवर घेतले, कारण शाळेच्या नेटवर एवढी मोठी फाईल उतरता उतरता दुपार संपते. मात्र व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफला त्या हात लावत नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, आणि हयात लेखकाची, छोट्या प्रकाशकाची त्यावर भाकर असते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, पुढे बालभारतीने ते स्वीकारले, आणि डिसिंबर २०२० मध्ये गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. हे पाहून ताईंनीही काही पुस्तकांच्या आत असे कोड चिकटवले. कोड टिपला की मुलींनीच वाचून ध्वनिमुद्रित केलेले पान ऐकू येते. पोरींना त्याचे भारी अप्रूप. पण घरचा मोबाईल बापाच्या खिशात आणि बाप कापसाच्या वावरात. म्हणून कोड शाळेतच, ताईंच्या फोनवर टिपले जातात. रिचार्जही ताईंचाच.

आता कामाचे. नवख्याने तासाला वीस पुस्तके नोंदवली तरी दोन हजार पुस्तकांना शंभर तास लागतात. अर्धवेळ ग्रंथपालाला दिवसाकाठी एक तास मोकळा मिळाला तर अर्धे शैक्षणिक वर्ष गेले. आपल्या वस्त्यांत टायपिंगची परीक्षा पास होऊन बसलेली मुले-मुली थोडी नाहीत. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन चार जण चार रविवार बसले तर ऐंशी तास तेथेच निघतात. जाताना नियम २१५ ची छापील प्रत सोबत न्यावी, ती व्यवस्थापनाच्या सभेपुढे ठेवण्याची विनंती करावी, आणि ठरावाची नक्कल मागून घ्यावी.

ताईंच्या शाळेत ठराव अजून झालेला नाही. तीनपैकी एका कपाटाचे कुलूप मात्र निघाले आहे. उरलेल्या दोन कपाटांच्या किल्ल्या मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात आहेत, आणि व्यवस्थापनाच्या पुढल्या सभेच्या विषयपत्रिकेत ग्रंथालयाचा विषय घातला असल्याचे ताईंनी कळवले आहे.