ब्युरेट आणि बस्सीचे पाणी

आपली कन्या रसायनशास्त्राच्या ऑलिंपियाडची तयारी करीत असेल, तर केवळ पुस्तकांच्या चळतीवर विसंबू नका. १९६८ साली प्राग येथे आरंभ झालेल्या आणि १९९९ पासून भारतही उतरत असलेल्या या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १०० पैकी ४० गुण प्रयोगांना असतात.

जयपूरजवळच्या बस्सी तहसिलीत तर प्रयोगाचा विषय विहिरीतच आहे! तेथील कित्येक विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड फार. लिटरमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणारे पाणी वर्षानुवर्षे पिऊन मुलांचे दात डागाळतात. फ्लोराइड मोजण्यास वेगळे उपकरण लागते खरे. परंतु त्याच पाण्याची दुष्फेनता शाळेच्या प्रयोगशाळेत, ब्युरेटमध्ये ईडीटीएचे द्रावण भरून काढता येते. निर्देशकाचा तांबूस रंग ज्या थेंबाने निळा होतो, तो नेमका थेंब पकडणे पाठांतराने साधत नाही. लागोपाठ तीन मापने जुळली काय, एवढे ती घरी आल्यावर अवश्य विचारा.