पहिला प्रकल्प विकत आणू नका

दिवाळीनंतर शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनांची लगबग सुरू होते आणि तिच्यासोबत एक बाजारही सुरू होतो. ‘वर्किंग मॉडेल’ तयार मिळतं. हात पुढे केला की उघडणारी कचरापेटी, अडथळा दिसला की वळणारी गाडी, थर्माकोलवर उभारलेलं दिव्यांचं शहर. आईवडील पैसे मोजतात, मूल दोन मिनिटांचं भाषण पाठ करतं, परीक्षक फेरी मारून जातात. हेच मूल पुढे इंजिनीअरिंगला गेलं की शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही रिपोर्टसकट विकत घेतला जातो. मी बरीच वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. आता नागपूरच्या धरमपेठेतल्या घरी सुटीच्या दिवसांत गल्लीतली मुलं माझ्या टेबलाभोवती जमतात. या दोन्ही अनुभवांवरून पालकांना आणि शिक्षकांना एकच गोष्ट सांगायची आहे. मायक्रोकंट्रोलरवरचा पहिला प्रकल्प मुलांनी स्वतःच्या हातांनी, सुट्या पार्टांतून आणि घरातल्याच एखाद्या अडचणीसाठी करावा. तो अगदी साधा असला तरी चालेल.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना, सगळं एकत्र. वॉशिंग मशीनमध्ये तो असतो, इंडक्शन शेगडीत असतो, गाडीतही असतो. आमच्या काळी तो शिकवायचा म्हणजे इंटेलचा १९८० सालचा ८०५१ घ्यायचा आणि पुस्तकातला प्रोग्रॅम ट्रेनर किटच्या कीपॅडवरून एकेक हेक्स आकडा दाबून भरायचा. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. विद्यार्थी हे परीक्षेपुरतं करत आणि विसरून जात. हे चित्र बदललं २००५ पासून. इटलीतल्या इव्हरेया गावच्या डिझाइन संस्थेत मासिमो बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांना हाताळता येईल असा बोर्ड तयार केला. त्याचं नाव अर्डुइनो. त्याचा आराखडा त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला, म्हणून कोणालाही तसाच बोर्ड बनवून विकता येतो. आज आमच्या सीताबर्डीवरच्या सुट्या पार्टांच्या दुकानांत ‘उनो’ जातीचा बोर्ड साधारण चारशे-पाचशे रुपयांत मिळतो, त्याचं कारण हे खुलेपण आहे.

त्या बोर्डावरची चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते आणि प्रोग्रॅमसाठी तिच्यात ३२ किलोबाइट जागा असते. मोबाइलमधला एक फोटोदेखील त्यात मावणार नाही. तरी पाण्याची टाकी, दाराची घंटा, कुंडीतला ओलावा यांवर लक्ष ठेवायला ती पुरून उरते.

सुरुवातीला लागतं काय? उनो बोर्ड, त्याची यूएसबी केबल, एक ब्रेडबोर्ड (पार्ट नुसते खोचून जोडायची भोकांची पट्टी), जोडायच्या तारा, चार-पाच एलईडी, २२० ओहम आणि १० किलोओहमचे थोडे रेझिस्टर, दोन पुश बटणं, एक बझर. भाव दुकानागणिक बदलतात, पण हे सगळं हजार रुपयांच्या आत येतं. तीस-चाळीस सेन्सरांची पेटी घेऊ नका. पेटीतल्या वस्तू पाहण्यातच मुलांचा उत्साह संपतो. बोर्ड घ्यायच्या आधी सराव करायचा असेल तर ‘टिंकरकॅड’ या संकेतस्थळावर हेच सर्किट पडद्यावर जोडून फुकट चालवता येतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातही अर्डुइनोचे धडे आहेत.

पहिल्या दिवशी अडचण हमखास येते ती संगणकाला बोर्ड न दिसण्याची. तेव्हा दोन गोष्टी तपासा. काही केबलींमधून फक्त वीज जाते, माहिती जात नाही. केबल बदलून बघा. आणि स्वस्त बोर्डांवर बहुधा ‘सीएच३४०’ ही यूएसबी चिप असते, तिचा ड्रायव्हर संगणकात टाकावा लागतो. एवढ्याशा कारणाने बोर्ड कपाटात पडून राहिलेली घरं मी पाहिली आहेत.

मग एलईडी लावायचा. लांब पाय धनाकडे, आखूड पाय ऋणाकडे, मध्ये लाल-लाल-तपकिरी पट्ट्यांचा २२० ओहमचा रेझिस्टर. तो का लावायचा, हे इथेच सांगावं. बोर्ड ५ व्होल्ट देतो, लाल एलईडीला साधारण २ लागतात, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. ३ भागिले २२० म्हणजे जेमतेम १४ मिलिअँपिअर. पिनेला २० पर्यंत चालतात, म्हणजे सगळं सुखरूप. पुस्तकात ओहमचा नियम पाठ केलेली मुलगी हा भागाकार करते आणि दिवा लागतो, तेव्हा तो नियम तिचा होतो.

यानंतर माझ्या टेबलावरच्या मुलांना मी ट्रॅफिक पार्कात पाठवते. धरमपेठेचं हे भाग्य आहे की मुलांना वाहतुकीचे नियम कळावेत म्हणून उभारलेलं उद्यान आपल्या दारात आहे. तिथे खेळून झालं की परत येताना चौकातल्या सिग्नलसमोर वही घेऊन उभं राहायचं. लाल किती वेळ, हिरवा किती वेळ, पिवळा कधी येतो, हे लिहून आणायचं. घरी आल्यावर तीन एलईडींवर तोच सिग्नल चालवायचा. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. मग मी सांगते, ‘आता पायी रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांसाठी एक बटण लाव.’

खरं शिक्षण इथून सुरू होतं. बटण दाबलं तरी सिग्नल ऐकत नाही, कारण मुलांनी वापरलेली ‘डिले’ ही आज्ञा कंट्रोलरला तेवढे सेकंद नुसतं थांबवून ठेवते. त्या वेळात दाबलेलं बटण त्याला कळतच नाही. बटण रिकाम्या पिनेला नुसतंच जोडलं असेल तर ते न दाबताही दाबल्यासारखं वागतं, म्हणून पिनेला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा पुल-अप रेझिस्टर लागतो. आणि एकदा दाबलेलं बटण कधी तीनदा मोजलं जातं, कारण आतली पातळ पत्री काही मिलिसेकंद थरथरते. यावर उपाय आहेत. ‘मिलिस’ या बोर्डाच्या आतल्या घड्याळाकडे बघत काम करायचं, बटण दोनदा तपासायचं. पण उपाय आपण आधी सांगायचे नाहीत. मुलांना अडू द्यावं. बटण का ऐकत नाही, यावर दोन मुलं वाद घालतात, तारा काढून पुन्हा लावतात, त्या तासाभरात त्यांचं जे शिकणं होतं ते तयार मॉडेल आणणाऱ्याच्या वाट्याला कधीच येत नाही.

त्यानंतरचा प्रकल्प घरातून यायला हवा. आमच्या नागपुरात तो शोधायला लांब जावं लागत नाही. उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतो. दुपारी पाणी संपतं, पंप कोरडा फिरून तापतो आणि जळतो, खोलीत गरम हवा येते. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे घरकाम करणाऱ्या ताईंच्या आठवीतल्या मुलीने हीच अडचण निवडली. पाणी खाली गेलं की बझर वाजला पाहिजे, एवढंच.

तिने स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू प्लास्टिकच्या पट्टीवर बोटभर अंतराने बसवले. एका स्क्रूला बोर्डाच्या सातव्या पिनेतून ५ व्होल्ट. दुसरा स्क्रू ‘ए-शून्य’ पिनेला, आणि तिथून १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. कोरड्यात आकडा शून्याच्या आसपास, पाण्यात बुडवला की काहीशे. ही पिन ० ते १०२३ असं मोजते. पट्टी बादलीत लावून झाली, चाचणी झाली, बझर वाजला. ‘काकू, हे तर आपोआप वाजून राहिलं!’ असं म्हणून ती उठली आणि आईला बोलावून आणलं.

या कामात दोन गोष्टी तिनेच शोधल्या. पहिली, नळाच्या पाण्यात येणारा आकडा आणि बोअरच्या पाण्यात येणारा आकडा वेगळा असतो. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, त्यातून वीज जास्त वाहते, आकडा वर जातो. म्हणजे ‘इतक्याखाली गेलं की वाजव’ ही मर्यादा आपल्या घरच्या पाण्यात मोजूनच ठरवावी लागते. दुसरी, सुरुवातीला तिने साध्या तांब्याच्या तारा वापरल्या होत्या, त्यांतली एक काही दिवसांत हिरवी पडून झिजली. सतत वीज वाहिली की धनाकडचं तांबं पाण्यात विरघळतं. म्हणून स्टीलचे स्क्रू आले, आणि सातवी पिन मोजण्यापुरतीच क्षणभर चालू करायची, मग बंद, अशी सुधारणा आली. दहावीच्या रसायनशास्त्रात येणारं विद्युत अपघटन आठवीतल्या मुलीच्या हातात आधी आलं.

इथे मी अतिशय गंभीरपणे एक गोष्ट सांगते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, महावितरणही दरवर्षी आवाहन करतं. त्यामुळे माझा नियम ठाम आहे. मुलांचा सगळा प्रयोग बादलीत. पट्टी कूलरमध्ये बसवायची ती मोठ्या माणसाने, प्लग काढून, कूलरचं अर्थिंग तपासून. बोर्ड प्लास्टिकच्या डबीत, बॅटरीवर. लॅपटॉपला जोडलेला बोर्ड कूलरच्या जवळही न्यायचा नाही. कूलर चालू असताना पट्टीला, तारेला, पाण्याला हात लावायचा नाही. आणि रिले लावून पंप आपोआप चालू-बंद करण्याचा मोह कितीही झाला तरी २३० व्होल्टचं काम मुलांनी करायचं नाही. सूचना देणारा बझर पुरेसा आहे. बॅटरीचंही सांगून ठेवते. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल या बोर्डावर काही तासांतच उतरतो, आणि बऱ्याच पॉवर बँका एवढा कमी करंट जाताना पाहून स्वतःच बंद होतात. त्यामुळे पेन्सिल सेलचा संच बरा.

‘एवढ्याशा बझरने काय होणार?’ असं विचारणाऱ्यांना मी २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवायला सांगते. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये झोपेतल्या माणसांच्या घरात पाणी शिरलं. शहराला पुराची सूचना देणारी यंत्रणा हे तज्ज्ञांचं आणि प्रशासनाचं काम आहे, मुलांच्या खेळण्याचं नाही. पण तिच्या मुळाशी तत्त्व तेच आहे. पाण्याची पातळी मोजा, मर्यादा ठरवा, ती ओलांडली की माणसांना जागं करा. ती यंत्रणा उद्या उभी करणारे इंजिनीअर आज आठवी-नववीत आहेत. त्यांनी बादलीतलं पाणी स्वतः मोजलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्यासाठीच. गावच्या गरजेची वस्तू बनवायची आणि बनवता बनवता विज्ञान शिकायचं, ही त्यांची पद्धत. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या बाहेर ज्या पहिल्या काही फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवण्याच्या प्रयोगशाळा, उभ्या केल्या, त्यांतली एक २००२ मध्ये याच पाबळला आली. पाबळच्या मुलांना जे जमलं ते धरमपेठेत जमू नये असं काहीच नाही.

साधनंही आता आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनखाली सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांना टिंकरिंग लॅबसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि देशात अशा दहा हजारांवर लॅब आहेत. ज्या शाळेत ती आहे, त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की तिचं कुलूप पाहुण्यांसाठी नाही, मुलांसाठी उघडा. बोर्ड बिघडेल म्हणून कपाटात ठेवू नका. मुलांच्या हातून बिघडलेला चारशे रुपयांचा बोर्ड हा शिक्षणाचा खर्च आहे. आणि ज्या शाळेत लॅब नाही, तिथे जवळच्या इंजिनीअरिंगच्या मुलांनी रविवारचे दोन तास द्यावेत. व्हीएनआयटीसारखी संस्था आपल्या शेजारी आहे. आठवीतल्या मुलाला पुल-अप रेझिस्टर समजावून सांगता आला तर त्या विद्यार्थ्याला स्वतःलाही तो नीट कळेल.

प्रोग्रॅम इंग्रजीत लिहावा लागतो म्हणून मराठी माध्यमाची मुलं मागे पडतील, ही भीती मनातून काढून टाका. पहिल्या प्रकल्पाला दहा-बारा इंग्रजी शब्द पुरतात. समजावणं मात्र मराठीतून व्हायला हवं, कारण ‘बटण का ऐकत नाही’ हा प्रश्न मुलं मराठीत विचारतात.

शेवटी विज्ञान प्रदर्शनांच्या परीक्षकांना एक आवाहन. मॉडेलसमोर उभं राहिल्यावर मुलांचं भाषण ऐकू नका. लॅपटॉप पुढे करा आणि सांगा, ‘हा दिवा दोन सेकंद लागतोय, पाच सेकंद लावून दाखव.’ ज्याने स्वतः केलं असेल तो एक आकडा बदलेल आणि दाखवेल. सगळे गुण त्यालाच द्या, मग त्याचं मॉडेल पुठ्ठ्याचं असलं तरी. एका वर्षी एवढं करून बघा. तयार मॉडेलांचा बाजार दुसऱ्या वर्षी आपोआप बसेल.