दारात हत्ती बांधण्यापूर्वी



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतले एक काका सकाळीच घरी आले. पाणीखात्यातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षे झाली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत गॅरेजच्या पावत्या. चहा पुढे केला तर तो बाजूला ठेवून म्हणाले, "भाऊ, एवढी बेरीज करून द्या. माझी दर वेळी चुकते." आम्ही बेरीज केली. काकांची चुकत नव्हती. 3 लाख 8 हजारच होत होते.

त्यांचा मुलगा एका साहेबांची गाडी चालवतो. दुसऱ्याची गाडी रोज पुसणाऱ्या पोराला आपलीही अशी एक असावी असे वाटले, तर त्यात वाईट काही नाही. दहा वर्षे वापरलेली एक परदेशी कंपनीची आलिशान गाडी त्याला साडेसहा लाखांत मिळाली. नवी असताना तिची किंमत चाळीस लाखांच्या वर होती. लग्नसराईत नवरदेवासाठी भाड्याने द्यायची, दोन वर्षांत पैसे फिटतील, असा हिशेब होता. काकांनी निवृत्तीच्या पैशातून रक्कम दिली. गाडी आली त्या दिवशी सारी गल्ली जमली. आम्हीही मागच्या सीटवर बसून नाक्यापर्यंत जाऊन आलो. खोटे कशाला सांगावे, बरे वाटले.

आठ महिन्यांत काय झाले ते पावत्या सांगतात. पुढच्या दोन्ही बाजूंचे हवेचे सस्पेंशन 1 लाख 62 हजार, चार टायर 72 हजार, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप 48 हजार, बॅटरी 26 हजार. आता गिअरबॉक्स झटके देतो आहे आणि गॅरेजवाल्याने 2 लाख 40 हजारांचा आकडा दिला आहे. भाड्याचे मिळाले एकूण 66 हजार. गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. हीच चूक दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून आजचा हा मजकूर.

पहिली गोष्ट मनावर कोरून ठेवावी. जुनी झाली की गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. साडेसहा लाखांना घेतलेली ती गाडी दुरुस्तीच्या वेळी चाळीस लाखांचीच असते. काहीजण म्हणतात, या गाड्या आता इथेच बनतात. खरे आहे. मर्सिडीजची जुळणी 1995 साली पिंपरीत टेल्कोच्या कारखान्यात सुरू झाली, 2009 साली ती चाकणला गेली. बीएमडब्ल्यूचा कारखाना 2007 पासून चेन्नईजवळ आहे. पण जुळणी इथे झाली म्हणून भाग स्वस्त होत नाहीत. अनेक भाग परदेशातून येतात आणि त्यांवर जकात लागते.

आता नेमके काय बिघडते ते पाहू. हवेच्या सस्पेंशनमध्ये लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराच्या पिशव्या असतात. वर्षे गेली की रबराला चिरा पडतात, हवा झिरपते, ती भरून काढण्यासाठी पंप सतत चालतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे आधी पिशवी जाते, मागोमाग पंप. इंजिन थंड ठेवण्याच्या व्यवस्थेत प्लास्टिकचे भाग पुष्कळ असतात. उष्णतेने ते ठिसूळ होतात आणि एक दिवस भर रस्त्यात पाणी सांडते. तसेच पुढे दामटले तर इंजिनाचे हेड वाकते.

गिअरबॉक्सचे तेल "आयुष्यभराचे" आहे, बदलावे लागत नाही, असे विकणारा सांगेल. ऐकू नये. कित्येक जर्मन गाड्यांत ज्या झेडएफ कंपनीचा गिअरबॉक्स असतो, ती कंपनी स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. पहिल्या मालकाने ते बदलले नसेल तर त्याचा दंड तुम्ही भरता.

काही दोष तर जगजाहीर आहेत. साधारण 2007 ते 2011 या काळातल्या बीएमडब्ल्यूच्या एन 47 या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन झिजून तुटते अशी ख्याती आहे. ती इंजिनाच्या मागल्या अंगाला, गिअरबॉक्सकडे असल्याने बदलण्यासाठी मोठी उघडझाप करावी लागते. 2002 साली आलेल्या मर्सिडीज ई-क्लासला विजेवर चालणारी ब्रेकची पद्धत होती. त्यासाठी कंपनीला 2004 आणि 2005 मध्ये जगभरातून गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि 2006 च्या सुधारित गाडीत ती पद्धत काढून टाकण्यात आली. त्या ब्रेकच्या पंपाला ठरावीक वापराची मर्यादा असते, ती संपली की गाडी इशारा देते. आज दोन-तीन लाखांत अशी गाडी समोर आली तर तो पंप बदललेला आहे काय, हे आधी विचारावे.

एवढे ऐकूनही घ्यायचीच असेल, तर आमच्या सूचना अशा :

गाडी सकाळी, इंजिन गार असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जावे. चालू करताना पुढून-मागून साखळी खळखळल्यासारखा आवाज येतो काय, ते ऐकावे. रात्रभर उभी राहून गाडी एका कोपऱ्यात बसली असेल तर हवा झिरपते आहे असे समजावे.

अर्धा तास गर्दीतून चालवावी, ए.सी. चालू ठेवून. गिअर बदलताना झटका नको, तापमानाचा काटा चढता नको.

चारही टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचावा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. बऱ्याच बीएमडब्ल्यू गाड्यांना हवा गेली तरी चालणारे टायर असतात आणि जादा चाक नसते. असा एक टायर साध्या गाडीच्या टायरच्या कितीतरी पट महाग पडतो.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. टोकाला चिखलाचा डाग असेल तर गाडी पुरात होती. डिकीतले कापड उचलून गंज शोधावा. या गाड्यांचे कॉम्प्युटर पुष्कळदा सीटखाली नाहीतर डिकीत असतात. एकदा पाणी शिरले की दुखणे जन्मभराचे.

चॅसिस नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपातून जुन्या कामाची नोंद मिळते काय, ते पाहावे. तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून, विकणाऱ्याच्या नव्हे, स्कॅनर लावून घ्यावा. त्याची मजुरी जास्त वाटली तरी द्यावी.

कागदपत्रांचेही तसेच. 2015 साली हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी केली आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर तिकडच्या पुष्कळ गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी. हवी आणि आपल्याकडचा रस्ताकर वेगळा. तो तुम्ही दिलेल्या किमतीवर नव्हे, मूळ किमतीवरून वयाची सूट देऊन काढतात. म्हणून आकडा आधी विचारून घ्यावा.

विम्यात जुन्या गाडीला "झीरो डेप" सहसा मिळत नाही. मग अपघातात रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांची निम्मी रक्कम तुमच्या खिशातून जाते. आणि पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी भाड्याने देणे कायद्यात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. काकांच्या मुलाला हे कोणी सांगितलेच नव्हते.

शेवटचा हिशेब घरात सर्वांसमोर मांडावा. गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवता येत असेल, आणि ती पोरांच्या शिक्षणाची किंवा आजारपणाची नसेल, तरच पुढे जावे. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये. हप्ते चालू आणि गाडी बंद, असा प्रसंग येतो. धंदाच करायचा असेल तर परवान्याची साधी सी.एन.जी. गाडी घ्यावी. तिचा मेकॅनिक नाक्यावर मिळतो आणि भाग दुपारपर्यंत येतो.

काकांना आम्ही सांगितले की आणखी 2 लाख 40 हजार घालू नका. दोष लपवू नका, आहे त्या स्थितीत आहे तसे सांगून विका. तीन लाख आले तरी बँकेत टाका. काका म्हणाले, "पोरगा आठ दिवस जेवत नाही धड." आम्ही म्हटले, त्याला बोलू नका. पैसा त्याने दारूत घातला नाही, जुगारात घातला नाही. हिशेब चुकला, आणि हिशेब शिकता येतो. रविवारी त्याला घेऊन या, आपण तिघे बसून जाहिरात लिहू.

रविवारी दोघे आले. जाहिरात पोरानेच लिहिली. गिअरबॉक्सचा दोष पहिल्याच ओळीत घातला होता.