फ्रान्सचा नियम, फिजीची मुले

आपल्या मातीत खेळाडू घडावेत म्हणून केलेला नियम दूरच्या बेटांवरील कोवळ्या मुलांच्या भरतीला निमित्त ठरावा, हा फ्रान्सच्या व्यावसायिक रग्बीतील विरोधाभास आहे.

पैशाच्या बळावर जगभरचे नामवंत खेळाडू ‘टॉप १४’ स्पर्धेत येऊ लागले, तेव्हा स्थानिक तरुणांना संधी मिळेनाशी झाली. त्यावर उपाय म्हणून २०१० पासून ‘जिफ’ नियम लागू झाला. तरुण वयात क्लबच्या मान्यताप्राप्त प्रबोधिनीत तीन हंगाम घालवणारा खेळाडू ‘स्थानिक’ गणला जातो. २३ जणांच्या चमूत अशांची सरासरी संख्या टप्प्याटप्प्याने किमान १६ वर नेण्यात आली. प्रबोधिन्यांकडे क्लबांचे लक्ष वळले. २०१८, २०१९ आणि २०२३ मध्ये फ्रान्स वीस वर्षांखालील गटात जगज्जेता ठरला.

मात्र हा निकष जन्मभूमीचा नसून प्रशिक्षणाचा आहे. नेमके येथेच पाणी मुरते. सतराव्या वर्षी आणलेला फिजीचा मुलगा विसाव्या वर्षी नियमाच्या लेखी ‘स्थानिक’ होतो. क्लेर्मो क्लबने तर फिजीतील नांद्रोंगा येथेच प्रबोधिनी उभारली. तेथून आलेला पेसेली यातो फिजीकडून खेळला, तर अलिवेरेती राका २०१९ मध्ये फ्रान्सकडून. देशाकडून खेळण्यासाठीची वास्तव्याची अट २०२१ अखेर तीनवरून पाच वर्षांवर गेली खरी. पण सतराव्या वर्षी आलेला मुलगा बाविसाव्या वर्षी तीही पूर्ण करतो.

गुणवत्तेला मायदेशीच वाव देण्याचा पर्यायही आहे. २०२२ मध्ये ‘फिजीयन द्रुआ’ हा संघ ‘सुपर रग्बी पॅसिफिक’मध्ये उतरला आणि दुसऱ्याच हंगामात बाद फेरीत पोहोचला. त्याच वर्षी विश्वचषकात फिजीने ऑस्ट्रेलियाला २२-१५ असे नमवले. १९५४ नंतरचा हा त्यांचा पहिलाच विजय होता. त्या चमूत द्रुआच्या खेळाडूंचा मोठा भरणा होता.

परदेशी संधीची दारे बंद करणे हा उपाय नव्हे. तेथील कमाईवर कित्येक कुटुंबांचा संसार चालतो. परंतु फुटबॉलप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांच्या परदेशी भरतीला सर्वसाधारण बंदी, घडवणाऱ्या शाळेला वा गावच्या क्लबला मोबदला आणि शिक्षणाची हमी, एवढे तरी बंधन क्लबांवर हवे. यशस्वी खेळाडूचे नाव सर्वांना कळते. गुडघा दुखावून विसाव्या वर्षी करार गमावलेल्या मुलाचे पुढे काय, याचे उत्तर देण्याची जबाबदारी त्याला घरापासून दूर नेणाऱ्यावरच असली पाहिजे.