गरमागरम भज्यांच्या विरोधात

पाहुणे येणार म्हटलं की भज्यांचा घाणा ठरलेलाच. बाहेर गप्पा रंगतात, आणि घरची बाई कढईपाशी उभी राहून नुसता हशा ऐकते! मला हे पटत नाही, मंडळी.

दडपे पोहे करा की. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, नारळाच्या पाण्याचा हबका, वरून शेंगदाण्याची फोडणी. अर्धा तास झाकून ठेवलं की झालं. कोथिंबीर वडीचे उंडे आदल्या दिवशी वाफवावेत. आयत्या वेळी काप तव्यावर परतणं नवऱ्यालाही जमतं. गोडाला श्रीखंड, दही रात्रीच टांगलेलं.

भजी नसली म्हणून पाहुणा रुसत नाही. पण जिला भेटायला आलो ती फक्त बशा उचलतानाच दिसली, तर त्याला पाहुणचार कसं म्हणायचं?