विश्वासात घेतलेला माणूस

"साहेबांनी मला विश्वासात घेऊन सांगितले," असे म्हणताना आपल्याकडील नोकरदाराच्या स्वरात नकळत अभिमान डोकावतो. केबिनचे दार लोटले जाते, चहा मागवला जातो, आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर हळूच कळते की खात्यातील तिघांना कमी करायचे ठरले आहे. नावेही सांगितली जातात. "पण हे आपल्यातच राहू द्या." दुपारी त्याच तिघांबरोबर डबा उघडून बसायचे असते. त्यांतील एकाने घरासाठी कर्जाचा अर्ज केलेला असतो, दुसऱ्याच्या मुलीचे लग्न ठरत असते. अशा वेळी त्या माणसाने काय करावे? हा प्रश्न आपण वैयक्तिक शिष्टाचाराचा समजतो. तो तेवढाच नाही, असे माझे मत आहे. आणि त्या मताच्या मुळाशी माझीच एक चूक आहे.

1990 च्या दशकाच्या अखेरीस मी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र विभागाचा प्रमुख होतो. फेब्रुवारीत प्राचार्यांनी मला बोलावून सांगितले की, पुढील वर्षी एक तुकडी बंद होणार असल्याने कार्यभार कमी होईल आणि आमच्या विभागातील तात्पुरत्या नेमणुकीवरील तरुण प्राध्यापकाला जूनमध्ये पुन्हा घेतले जाणार नाही. "सर, परीक्षा होईपर्यंत बोलू नका, त्याचे शिकवण्यावरून लक्ष उडेल." मी मान डोलावली. एप्रिलमध्ये तो तरुण माझ्याकडे आला. शेजारच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने त्याला बोलावले होते. आठ दिवसांत होकार कळवायचा होता. "सर, इथे जूनमध्ये घेतील ना? आईचे उपचार इथे चालू आहेत, म्हणून विचारतो." मी म्हणालो, "बघू या, अजून काही ठरलेले नाही." हे धादांत खोटे होते. त्याने ती जागा नाकारली. जूनमध्ये आमच्याकडे त्याला नकार मिळाला, आणि तोवर तिकडची जागा भरली होती. पुढची दोन वर्षे त्याने खासगी शिकवण्यांवर काढली.

बाजारातील सर्वांना सारखीच माहिती असते, असे गृहीत धरून आम्ही अर्थशास्त्राचे शिक्षक फळ्यावर आलेख काढत आलो. 1970 साली जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हे गृहीतक किती तकलादू आहे ते दाखवले. श्रमाच्या बाजारातील हे वास्तव तर ॲडम स्मिथने 1776 मध्येच नोंदवले होते: मजुरी खाली आणण्याचे मालकांचे संगनमत अखेरच्या क्षणापर्यंत गुप्तपणे चालते, कामगारांच्या एकजुटीचा मात्र गावभर गवगवा होतो. नोकरी जाणार हे ज्याला दोन महिने आधी कळते, त्याच्या हाती ते दोन महिने असतात. दुसरीकडे अर्ज करता येतो, कर्ज लांबणीवर टाकता येते. ज्याला कळत नाही त्याचे तेच दोन महिने बिनबोभाट व्यवस्थापनाच्या पदरात पडतात. म्हणजे साहेबांनी ज्याला गुपित म्हणून सांगितले, ती वस्तुतः तिसऱ्याच माणसाची मालमत्ता असते.

मग साहेब ती आपल्यापाशी का ठेवतात? कधी खरोखरच मन हलके करण्यासाठी; तोही वरच्या हुकमाचा ताबेदार असतो, हे विसरता कामा नये. पण पुष्कळदा हेतू वेगळा असतो. 'तुमचे नाव यादीत नाही' हे न बोलता सांगितले जाते, वर "तुम्हाला काय वाटते, कोणाला कमी करावे?" असे विचारून यादीत आपलाही हात गुंतवला जातो. असा माणूस पुढे संघटनेच्या सभेत कोणत्या तोंडाने उभा राहणार?

याचा अर्थ कानावर आलेले सारे चव्हाट्यावर मांडावे, असा नव्हे. सहकाऱ्याचा आजार, चालू असलेली चौकशी, छळाची तक्रार करणाऱ्या स्त्रीचे नाव, या गोष्टी पोटातच राहिल्या पाहिजेत. कारण तेथे गुप्तता दुबळ्याचे रक्षण करते. अर्धवट ठरलेल्या बेताची अफवा पसरवणेही घातक, कारण त्या भीतीने चांगली माणसे उगाच नोकरी सोडतात. शिवाय ऐकणाऱ्यालाही घरसंसार आहे. त्याने हुतात्मा व्हावे, अशी अपेक्षा निवृत्तिवेतन घेणाऱ्या माझ्यासारख्याने करणे शोभणार नाही.

परंतु मौन आणि लबाडी यांच्यामध्ये बरीच जागा आहे. पहिली गोष्ट, ऐकतानाच विचारावे: "हे त्यांना कोणत्या तारखेला सांगणार?" तारीख मिळाली नाही तर पुन्हा विचारावे, शक्यतो दोघा-तिघांनी मिळून. दुसरी, कोणाला काढावे यावर मत देऊ नये. तिसरी, सहकाऱ्याने थेट विचारले तर खोटे बोलू नये. "मला यावर बोलता येत नाही, पण हातचे सोडू नका," एवढे म्हटले तर कोणाचा विश्वासघात होत नाही आणि एक संसार सावरू शकतो.

तरीही एकट्याच्या सद्सद्विवेकावर हा भार टाकून भागणार नाही. म्हणूनच आगाऊ सूचना हा हक्क मानला गेला. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराला कमी करण्यापूर्वी एक महिन्याची नोटीस किंवा त्याबद्दलचे वेतन, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई ठरवून दिली. कारखान्यांत सरकारच्या पूर्वपरवानगीची अट 1976 मध्ये 300 कामगारांच्या मर्यादेने आली. 1982 च्या दुरुस्तीने ती मर्यादा 100 वर आणली. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा 300 वर नेली. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. शिक्षक तर 'कामगार' नव्हेतच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली गोव्यातील एका प्रकरणात दिला होता. कायद्याचे छत्र जेथे आखूड पडते, तेथेच केबिनमधली कुजबुज माणसांचे भवितव्य ठरवते. तासिका तत्त्वावर, कंत्राटावर काम करणाऱ्यांची संख्या ज्या संस्थांत मोठी आहे, तेथील संघटनांनी 'निर्णय झाला की पंधरा दिवसांच्या आत संबंधिताला लेखी कळवा' ही एकच मागणी आधी लावून धरावी. तिला पैसे लागत नाहीत.

निवृत्तीनंतर मी त्या सहकाऱ्याला गाठून सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, कारण सांगायची गरज नव्हती. 'तिकडे जा' एवढेच म्हणाला असतात तरी मी गेलो असतो." ते दोन शब्द मी प्राचार्यांना दिलेला शब्द न मोडताही उच्चारू शकलो असतो.